हातभर पलीकडचं झाड

एप्रिल संपत आला की मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावातली माणसं एकदम निसर्गप्रेमी होतात. सहा महिने बर्फाला शिव्या घातलेल्या असतात, गाडीच्या काचा खरवडून खरवडून खांदे गेलेले असतात, आणि मग कोपऱ्याकोपऱ्यावर रेडबडचं झाड फुललं की हीच माणसं गाडी हळू करून फोटो काढतात. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर गुलाबी फोटो. खाली कुणीतरी ‘निसर्गाची किमया’ लिहितं, त्याखाली हात जोडलेल्या खुणांची रांग. मी तो ग्रुप म्यूट करून ठेवलाय. एप्रिलपुरता नाही, कायमचा.

मला या झाडाचा राग येतो, सरळ सांगते. नावात रेड आणि रंग जांभळट गुलाबी. पानं यायची वाट बघायची नाही, आधीच फुलून मोकळं. आणि फुलं तरी कुठे यावीत? सभ्य झाडासारखी फांदीच्या टोकाला नाहीत. सरळ सालीतून, कुठूनही, उन्हाळ्यात पाठीवर घामोळं उठावं तशी. मग पानं येतात, बदामाच्या आकाराची, त्यावरही लोक खूश. शेंगा धरतात त्या चपट्या, तपकिरी, आणि सगळा हिवाळा काडीला लोंबत राहतात. त्या पडत नाहीत, कुणी खात नाही, वाऱ्यावर नुसत्या खुळखुळत असतात.

आणखी एक सांगून ठेवते. झाडाबद्दल लिहिलंय म्हटल्यावर तुम्ही मुळं, माती, रुजणं वगैरे शोधाल. ते इथे मिळणार नाही. मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कुणी ना कुणी परक्या मातीत रुजल्याचं लिहितंच, वाचून डोळे ओले झाल्याचं दुसरं कुणी कळवतं. मी कुठेही रुजलेले नाही. मी इथे नोकरी केली, पोर वाढवलं, ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसला. झाड झाडाच्या जागी आणि मी माझ्या.

झाड लावलं ते शुभामुळे. शुभांगी, माझी मैत्रीण. दोघी एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये भाड्याने राहायचो, तिथल्या लाँड्री रूममध्ये ओळख झाली. आपल्या माणसांना इथे आल्यावर एक खूळ लागतं, मैत्रीण मिळाली की तिच्या शेजारी घर घ्यायचं. जन्मभर शेजाऱ्यांना कंटाळून इतक्या लांब आलेली माणसं, इथे येऊन शेजार विकत घेतात. आम्हीही घेतला. नवीन सबडिव्हिजन, जिकडेतिकडे चिखल, दोन लॉट खेटून. मध्ये कुंपण घालायचं नाही असं शुभाने जाहीर केलं आणि माझ्या नवऱ्याने, महेशने, लगेच मान डोलावली. आमच्या घरात सगळ्यांशी गोड वागायचं खातं महेशकडे आहे. उरलेलं सगळं माझ्याकडे येतं.

हद्द कुठे आहे ते कुणी मोजलं नाही. महेश शनिवारी गवत कापायचा आणि तो मशीन जिथून वळवायचा ती आमची हद्द. पलीकडून शुभाचा नवरा नितीन तिथपर्यंत कापत यायचा. दोघांच्या पट्ट्यांमध्ये गवतावर एक रेघ उमटायची. त्या रेघेच्या अलीकडे, माझ्या बाजूला, मी रेडबड लावलं. छोट्या जातीचं, फांद्या खाली झुकणारं. हे माणसाच्या उंचीपलीकडे जात नाही म्हणून नर्सरीतल्या बाईने सांगितलं, म्हणून तर घेतलं. खिडकीसमोर डोंगर नको होता मला.

इथली माती म्हणजे नुसती चिकणमाती. फावडं घातलं की ते धरून बसते. खड्डा रुंद खणायचा, खोल नाही, कारण पाणी साचलं की हे झाड जातं. बुडाशी पसरतात तो लाकडाचा भुगा, मल्च, खोडाला टेकू द्यायचा नाही, साल कुजते. मी गुडघ्यापर्यंत चिखलात हे करत होते आणि शुभा तिच्या मागच्या पायरीवर चहाचा मग घेऊन सूचना देत होती. थोडं डावीकडे घे, थोडं वाकडं वाटतंय. ती पुण्याची. हात न लावता काम कसं करावं हे सांगणं त्यांना उपजत येतं. मी नागपूरची, मला ऐकून घेणं उपजत येत नाही. मी तिला म्हटलं, आता जिथे आहे तिथे आहे. या झाडाचं मूळ खोल जातं, एकदा धरलं की हलवायचं नाही, हलवलं की मेलंच समज. ती म्हणाली, तुझ्यासारखंच आहे की. मी हसले होते तेव्हा. हसायचे मी पूर्वी तिच्या बोलण्याला.

पहिली दोन वर्षं त्याने काही केलं नाही. नुसतं उभं. हिवाळ्यात ससे साल कुरतडायचे. हे ससे फार बेरकी असतात, बर्फ साचला की त्यावर चढून वरची साल खातात. मी खोडाला जाळी गुंडाळली, ती बर्फाच्या वर येईल इतकी उंच. शुभा म्हणायची, बापरे, याला स्वेटरच विणायचा राहिलाय. तिसऱ्या एप्रिलमध्ये एका सकाळी ओट्याशी उभी होते आणि खिडकीतून बघते तर काडीन् काडी गुलाबी. त्या दिवशी मला आनंद झाला. झाला तो झाला, नाकारत नाही. मी शुभाला फोन करून बाहेर बोलावलं. दोघी गाऊनवर थंडीचे कोट चढवून ओल्या गवतात उभ्या. माझी मुलगी इरा तेव्हा शाळकरी होती. ती खिडकी उघडून म्हणाली, “यू बोथ लुक क्रेझी.” शुभाने दोन फुलं तोडून तोंडात टाकली, इथे सॅलडमध्ये घालतात म्हणे. एक मला दिलं. आंबटसर लागलं. मग आम्ही ओंजळभर फुलं काढून काकडीच्या कोशिंबिरीत घातली, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, वरून फोडणी. चांगली झाली होती कोशिंबीर.

त्याच वर्षी शुभा मंडळाची अध्यक्ष झाली. तिथून सगळं बिघडलं.

इथे दसऱ्याला सोनं मिळत नाही. आपटा कुठून आणणार? आम्ही आपले सोनेरी कार्डशीटची पानं कापायचो, मुलांना कात्र्या देऊन बसवायचो, चालत होतं. अध्यक्षबाईंनी शोध लावला की रेडबड आणि आपटा एकाच कुळातले. गूगल कर म्हणाली. आणि ऑक्टोबरात रेडबडची पानं पिवळीधमक होतात, म्हणजे खरोखरचं सोनं. मी तिला म्हटलं, आपट्याचं पान मधोमध चिरलेलं असतं, दोन पानं जोडल्यासारखं. हे अख्खं आहे. मी नागपुरात वाढलेय, दसऱ्याच्या संध्याकाळी गल्लीतल्या एकूण एक घरी जाऊन सोनं दिलंय, मोठ्यांच्या पाया पडून पडून कंबर मोडलीय, मला तू आपटा शिकवू नकोस. तिचं उत्तर, अगं, भावना महत्त्वाची. कुणी भावनेचं नाव काढलं की मी सावध होते. बहुतेक वेळा आपली एखादी वस्तू उचलायची तयारी चाललेली असते.

दसरा शनिवारी होता. म्हणजे आम्ही शनिवारी ठेवला होता, इथे सगळे सण शनिवारी येतात. कार्यक्रम शुभाकडे. मला ऑफिसचं काम निघालं म्हणून मी उशिरा पोचले. गाडी लावून मागे गेले तर अख्खं मंडळ माझ्या झाडाभोवती. पैठण्या, कुर्ते, मोजड्या, कुणी फोनवर व्हिडिओ काढतंय. पानं ओरबाडणं चाललं होतं. जिथलं पान हाताला येत नव्हतं तिथे डहाळीच मोडून घेत होते. पोरांच्या मुठीत अख्ख्या काड्या, तलवारीसारख्या. जिला मी कधी पाहिलंही नव्हतं अशा एका बाईने माझ्या हातात माझ्याच झाडाचं पान ठेवलं आणि म्हणाली, सोनं घ्या काकू, सोन्यासारखं राहा.

पानांचं मला काही नव्हतं. आठवड्याभरात गळलीच असती. पण रेडबडच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या ऑक्टोबरातच धरलेल्या असतात, जुन्या काडीवर, मोहरीहून थोड्या मोठ्या, काळपट. दिसतही नाहीत कुणाला. काडी मोडली की पुढचा एप्रिल मोडला. तीन वर्षं सशांपासून राखलेलं झाड, आणि माझ्याच माणसांनी आरत्या म्हणून झाल्यावर खाऊन टाकलं.

मी सगळ्यांच्या देखत शुभाला विचारलं, “माझ्या झाडाला कुणाला विचारून हात लावलास?” मग आणखी बोलले. तिच्या अध्यक्षपदाबद्दल बोलले, दुसऱ्याच्या अंगणातून पुण्य कमावणाऱ्या लोकांबद्दल बोलले, पुण्याबद्दल बोलले. शुभाने तोंड उघडलं, झाडाकडे बघितलं, गवतावरच्या त्या रेघेकडे बघितलं, आणि तोंड मिटलं. “चुकलं,” एवढंच म्हणाली आणि आत गेली. महेश मागून माझा दंड ओढत होता. मला वाटलं, जिरवली.

तेव्हापासून बोलणं बंद. पुढच्या एप्रिलमध्ये सगळं गाव गुलाबी आणि आमच्या मागे काड्यांचा झाडू उभा. तो झाडू दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून नीट दिसायचा, आणि तिलाही दिसतोय याचं मला समाधान होतं. इंडियन स्टोअरमध्ये समोरासमोर आलो की मी कार्ट वळवायचे. एकदा ती भेंडी निवडत होती म्हणून मी भेंडी न घेता घरी आले आणि महेशला सांगितलं की भेंडी चांगली नव्हती. इरा म्हणायची, “आई, इट्स अ ट्री.” तिच्या पिढीला सगळं असंच दिसतं. झाड म्हणजे झाड आणि शुभामावशी म्हणजे कॉन्टॅक्ट लिस्टमधलं एक नाव.

भांडणाबद्दल एक गोष्ट मला त्या दिवसांत कळली. इथे मी इंग्रजीत बक्कळ भांडते. घरमालकांच्या असोसिएशनशी, विमा कंपनीशी, ऑफिसात मॅनेजरशी. आवाज चढवायचा नाही, ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ म्हणायचं आणि मग कापायचं. जिंकतेही बऱ्याचदा. पण पोट भरत नाही. पोटभर भांडायला समोर असं माणूस लागतं ज्याला आपली सगळी अंडीपिल्ली माहीत आहेत आणि आपल्याला त्याची. महेश भांडत नाही, तो ‘बरं’ म्हणतो. इरा ‘व्हॉटेव्हर’ म्हणते. नागपूरला आई होती तोवर फोनवर जमायचं, आता तीही नाही. अख्ख्या मिशिगनमध्ये मला मराठीत भांडायला एकच बाई होती, आणि तिच्याशी मी बोलत नव्हते. ही आमच्या भांडणातली सगळ्यात मोठी गैरसोय होती.

झाडाला मात्र मी सोडलं नाही. पाणी घातलं, मोडक्या टोकांची छाटणी केली, थंडीत जाळी गुंडाळली. हे सगळं मी तिच्या खिडकीकडे पाठ करून करायचे. ती चहाचा मग घेऊन ओट्याशी उभी असायची, मला पाठीला कळायचं.

गेल्या एप्रिलमध्ये तिच्या घरासमोर विक्रीची पाटी लागली. मला पाटीवरून कळलं. नितीनला टेक्सासला नोकरी मिळाली होती, हे महेशला माहीत होतं, त्याने मला सांगितलं नव्हतं, त्यावरून आमच्या घरात जे झालं ते वेगळं. ज्यांनी घर घेतलं त्यांच्याकडे मोठं कुत्रं आहे, त्यांना कुंपण हवं होतं. कुंपणासाठी मोजणी हवी. एका सकाळी उठून बघते तर मागच्या गवतात लाकडी खुंट्या ठोकलेल्या, टोकाला गुलाबी फिती. त्या वर्षी झाडावर तुरळक फुलं आली होती आणि फितींचा रंग अगदी तोच. खुंट्या झाडाच्या अलीकडे होत्या. माझ्या बाजूला. झाड त्यांच्यापासून चांगलं हातभर पलीकडे, शुभाच्या अंगणात.

मी आधी खुंट्याच उपटणार होते. महेश म्हणाला, सर्व्हेवाले चुकत नाहीत. तो चष्मा पुसत म्हणाला, म्हणजे त्याला खात्री होती. मी चप्पल घालून तरातरा पलीकडे गेले. शुभा गॅरेजमध्ये खोक्यांना टेप लावत होती. बारीक झाली होती. केस रंगवायचं सोडलेलं दिसलं. दीड वर्षानंतर मी तिच्याशी जे पहिलं वाक्य बोलले ते असं, “त्या खुंट्या चुकीच्या जागी ठोकल्यात.”

“चुकीच्या नाहीत,” ती म्हणाली. टेप लावणं थांबवलं नाही. तिने आणि नितीनने घरामागे लाकडी डेक बांधला तेव्हा परवानगीसाठी मोजणी करून घेतली होती. झाड लावलं त्याच उन्हाळ्यात. तेव्हापासून तिला माहीत होतं.

मी हिशेब लावत उभी राहिले. म्हणजे फुलं आली तेव्हा माहीत होतं. अंगणात सगळ्यांसमोर मी ‘माझं झाड’ म्हणून ओरडले तेव्हा माहीत होतं. एक वाक्य बोलली असती तर माझं तोंड जन्माचं बंद झालं असतं, तेही मंडळासमोर, व्हिडिओत.

“मग बोलली का नाहीस?”

तिने टेप दाताने तोडली. “बोलले असते तर तू त्याच दिवशी ते उपटून तुझ्या बाजूला नेलं असतंस. तूच म्हणाली होतीस, हलवलं की मरतं.”

आता वाचणाऱ्यांना वाटेल, इथे मी विरघळले. डोळ्यांत पाणी, गळ्यात गळे. अजिबात नाही. माझ्या अंगाची आग आग झाली. दीड वर्ष मी बर्फात गुडघे टेकून तिच्या झाडाला जाळ्या बांधत होते आणि ही खिडकीतून चहा पीत बघत होती. त्या दसऱ्याला मी जिंकले असं समजत होते, आणि तिने मला जिंकू दिलं होतं, लहान पोराला कॅरममध्ये जिंकू देतात तसं. शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवीची परतफेड करता येते. हे जे तिने केलं त्याचं मी काय करायचं? माझी चूक नव्हतीच. झाड कुणाचंही असो, काड्या मोडायच्या नसतात. एवढं तरी सांगायचं होतं, तेही नीट जमलं नाही. मी तशीच परत आले आणि दार आपटलं.

जूनमध्ये ते गेले. ट्रक आला त्या दिवशी महेश आणि इरा निरोप द्यायला गेले. मी वर कपड्यांच्या घड्या करत बसले, धुतलेले संपले तेव्हा न धुतलेल्यांच्या केल्या. शुभाने इराच्या हाती निरोप पाठवला की नवीन लोकांना झाड तोडू नका म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, तुझं झाड, तू बघ. इराने हा निरोप परत नेला की नाही, मी विचारलं नाही.

नवीन लोकांनी पांढरं प्लॅस्टिकचं कुंपण घातलं, माझ्याहून उंच. झाड माणसाएवढंच, ते मागे गडप. माणसं वाईट नाहीत. हात हलवतात, कुत्र्याबद्दल सॉरी म्हणतात. त्यांच्याशी भांडावं असं काही सापडत नाही.

आणि आता हा एप्रिल. इरा कॉलेजात गेली, तिची वरची खोली रिकामी असते. काल तिथे पडदे धुवायला काढायला गेले आणि खिडकीतून खाली नजर गेली. फुललंय. नुसतं फुललं नाही, मोडल्या जागी फुटलेल्या नव्या काड्या भरल्यात, शिवाय खोडावरून थेट, बुंध्यापासून, गुलाबी गुच्छ. कुंपणाच्या आत, कुणीही बघत नसताना. कुत्रं खाली झोपलं होतं. मी पडदा हातात धरून उभी राहिले आणि इतका राग आला, इतका राग आला की काय सांगू. अडीच वर्षांचा साठलेला, आणि टाकायचा कुठे?

फोन लावला. टेक्सासमध्ये एक तास मागे असतं, स्वयंपाकाची वेळ असणार हे लक्षात होतं, तरी लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. हॅलो नाही, काही नाही, नुसतं “बोल.”

मी बोलले. कुठूनही सुरुवात केली. म्हटलं, तुला मोठेपणा मिरवायला मीच सापडले का? दीड वर्ष मला येडी बनवून खिडकीत उभी राहिलीस. एक वाक्य बोलली असतीस तर आपण त्याच दिवशी कडकडून भांडलो असतो, आठ दिवसांत मोकळ्या झालो असतो. आठ दिवसांचं काम तू दीड वर्षांवर नेलंस आणि वर टेक्सासला निघून गेलीस. आणि ते तुझं झाड इथे फुललंय निर्लज्जासारखं, ते कोणी बघायचं? माझा आवाज घरभर गेला असणार, कारण खालचा टीव्ही बंद झाला.

ती ऐकत होती. मध्ये कुठेही ‘चुकलं’ म्हणाली नाही, हे बरं केलं. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा तिने विचारलं, “झालं?”

“नाही.”

“मला वाटलंच,” शुभा म्हणाली. “मलाही बरंच बोलायचंय. ठेवू नकोस, कुकर बंद करून येते.”

मी पलंगावर बसले आणि फोन कानाला धरून ठेवला.